वाचक विचारतात : बटणांच्या दुकानातला तो माणूस

मागच्या महिन्यात नाशिकच्या कॉलेज रोडला एका छोट्या फिल्म क्लबने १९६५ चा एक ब्लॅक अँड व्हाइट सिनेमा दाखवला, 'ओब्खोद ना कोर्झे', म्हणजे बाजारपेठेतलं दुकान म्हणा. तेव्हापासून या सदराच्या मेसेजचा नूरच बदललाय. एरवी अमुक नाटकाचा प्रयोग कालिदासला कधी, तमुक नट परत उभा राहणार का, असं विचारणारी मंडळी आता एका स्लोवाक नटाच्या मागे लागलीयेत. मग म्हटलं हा महिना त्याच्याच नावावर करून टाकू. नाव योझेफ क्रोनेर. ज्यांनी सिनेमा बघितला नाहीये त्यांनाही कळेल असं लिहितेय, फक्त एका उत्तरात शेवट फोडावा लागणारे, तिथे आधी सांगेन.

नमस्कार ताई, सिनेमा बघून दोन दिवस डोक्यातून जाईना. हा दुकानात बसणारा माणूस नट वाटतच नाही, कुणाच्या तरी घरातला वाटतो. हा कोण, कुठला, पुढे त्याचं काय झालं? थोडक्यात उरकू नका, नीट सांगा.
— निवृत्त शिक्षिका, गंगापूर रोड

बाई, नीटच सांगते. क्रोनेरचा जन्म २० मार्च १९२४ चा, गाव स्ताश्कोव. स्लोवाकियाच्या वायव्य कोपऱ्यात किसुत्से म्हणून डोंगराळ भाग आहे, एका बाजूला पोलंड, एका बाजूला चेक मुलूख, जमीन हलकी, जंगल भरपूर, त्यामुळे माणसं पोटापाण्यासाठी बाहेरच. वडील रेल्वेत. घरात नाटकाची परंपरा वगैरे काही नाही, आणि तरी त्या घरातून एक नाही दोन नट निघाले, कारण त्याचा धाकटा भाऊ ल्युदोवित हाही पुढे नावाजलेला नट झाला.

अ‍ॅक्टिंग शाळेत शिकलाय म्हणावं तर तेही नाही. पोवाझ्स्का बिस्त्रित्सा हे कारखान्याचं गाव, तिथे नोकरी करता करता हौशी नाटकात कामं करायचा. तिथून १९४८ ला मार्टिन नावाच्या शहरातल्या व्यावसायिक थिएटरात गेला, म्हणजे वय चोवीस. मार्टिन आकाराने लहान पण स्लोवाक लोकांच्या लेखी मानाचं शहर, कारण त्यांची भाषा आणि पुस्तकं जपणारी 'मातित्सा स्लोवेन्स्का' ही संस्था १८६३ ला तिथे सुरू झाली, जेव्हा राज्य हंगेरीचं होतं आणि स्लोवाक बोलणं म्हणजे खेडवळपणा समजला जायचा. तिथे आठेक वर्षं काढली, लग्नही तिथल्याच नटीशी केलं, आणि १९५६ ला राजधानीत, ब्रातिस्लावाच्या राष्ट्रीय थिएटरात गेला. मग तिथेच रमला.

सिनेमे त्याने भरपूर केले, टीव्ही तर त्याहून जास्त, पण ज्याने त्याला देशाबाहेर नाव मिळालं तो एकच, तुम्ही बघितलेला. १२ मार्च १९९८ ला ब्रातिस्लावात गेला. चौऱ्याहत्तर पूर्ण व्हायला आठवडाभर राहिला होता.

आणि 'नट वाटतच नाही' हे तुमचं निरीक्षण मला फार आवडलं. त्याच्या देशातले लोक त्याला ओळखत होते ते विनोदी नट म्हणून, गावरान, भोळसट, थोडे इरसाल लोक करणारा म्हणून. त्याच १९६५ साली त्याने टीव्हीसाठी 'कुबो' केलं. १९०४ चं जुनं ग्रामीण फार्सिकल नाटक, योझेफ होलीचं. कुबो म्हणजे श्रीमंत शेतकऱ्याचा मठ्ठ मुलगा, घरचे त्याच्यासाठी पोरगी बघतायत आणि हा तोंड वासून उभा. क्रोनेर तेव्हा एक्केचाळीस वर्षांचा घोडा, आणि करतोय लग्नाळू पोरगा! आजही तिकडे जुन्या पिढीला कुबो म्हटलं की हाच चेहरा आठवतो. तर एकाच वर्षी एक माणूस असा हसवतो आणि दुसरीकडे तुमची दोन दिवस झोप उडवतो.

एक फालतू शंका. पोस्टरवर चेकोस्लोवाकिया लिहिलेलं, तुम्ही लोक स्लोवाक स्लोवाक म्हणताय. नक्की कुणाचा हा सिनेमा?
— इंदिरानगर

फालतू अजिबात नाही, यावरून तिकडेही वाद होतात. तेव्हा देश एक होता, चेकोस्लोवाकिया, तो १ जानेवारी १९९३ ला दोन झाला. सिनेमा बनवला प्रागच्या बारांदोव स्टुडिओने, म्हणजे पैसा आणि यंत्रणा चेक. भाषा स्लोवाक, गोष्ट स्लोवाकियातली, शूटिंग पूर्व स्लोवाकियातल्या साबिनोव या गावात, बहुतेक नट स्लोवाक. दिग्दर्शक दोघं, यान कादार आणि एल्मार क्लोस. क्लोस चेक. कादारचा जन्म बुडापेस्टचा पण वाढला स्लोवाकियात, ज्यू घरातला, त्याचे आईवडील आणि बहीण आउश्वित्झमध्ये मारले गेले. आता हा सिनेमा कुणाचा ते तुम्हीच ठरवा. एक गंमत सांगते, अख्ख्या स्लोवाकियाची लोकसंख्या साधारण ५४ लाख, आणि आपल्या नाशिक जिल्ह्याची २०११ च्या जनगणनेत ६१ लाख. आपल्या जिल्ह्याएवढाही नसलेला देश, त्याचं स्वतःचं राष्ट्रीय थिएटर १९२० पासून चालू आहे.

ताई, मी अंबडला एमआयडीसीत कामाला आहे, सेकंड शिफ्ट. वय २९. एकांकिका करतो, मागच्या वर्षी राज्य नाट्य स्पर्धेत पण होतो, साईखेडकरला प्रयोग झाला. आमच्या ग्रुपमधले एक सर म्हणतात ट्रेनिंगशिवाय काही होत नाही, दिल्लीचं एनएसडी नाहीतर निदान पुण्याचं ललित कला केंद्र तरी पाहिजे. क्रोनेर पण शिकलेला नव्हता असं तुम्ही एकदा म्हणाला होता, मग?
— नाव छापू नका, सिडको

नाव नाही छापत. पण तुला खोटं गोड बोलणार नाही. क्रोनेर शिकलेला नव्हता हे खरं, त्यावरून 'म्हणजे माझंही होईल' असा हिशोब मांडू नकोस, कारण तू त्याचा काळ बघ. महायुद्ध संपलंय, १९४८ ला कम्युनिस्ट सत्तेवर आलेत, थिएटरं सरकारच्या ताब्यात गेलीत आणि गावोगावच्या कंपन्यांना पगारी माणसं हवीयेत. स्लोवाक व्यावसायिक रंगभूमीचं वयच तेव्हा तीसेक वर्षांचं, तयार नट कितीसे असणार? हौशी मंडळींतूनच उचलावे लागणार होते. तिकडे गावागावात हौशी नाटकाची जुनी सवय होती, हिवाळ्यात शेत झोपलेलं असतं तेव्हा शाळामास्तर नाहीतर पाद्री नाटक बसवणार, अख्खं गाव बघायला. क्रोनेर त्या मातीतला. त्याला दार ठोठवायला लागलं असेल पण दार होतं, आणि दारापलीकडे महिन्याच्या महिन्याला पगार होता. तुझ्यापुढे ते दार नाहीये. तुझ्यापुढे मुंबईत सिरियलच्या ऑडिशनची रांग आहे.

आता दुसरी बाजू. त्या सरांना सांग की मार्टिनमधली आठ वर्षं हेच क्रोनेरचं ट्रेनिंग. लहान शहरातलं थिएटर, दर थोड्या दिवसांनी नवं नाटक, आज म्हातारा उद्या शिपाई परवा नवरदेव, आणि आजूबाजूच्या गावांत दौरे. ट्रेनिंग लागतंच, ते शाळेतच झालं पाहिजे असं नाही. तुझ्याकडे वर्षाला एक एकांकिका आणि स्पर्धेचा एक प्रयोग एवढंच असेल तर ते कमीये, हे मी स्पष्ट सांगते, स्पर्धेसाठी तीन महिने तालीम आणि मग एका संध्याकाळी पडदा पडला की संपलं, त्यात नट घडत नाही, चषक मिळतो. कामगार कल्याणची स्पर्धा कर, बालनाट्यात उभा राहा, कुणी पथनाट्य करत असेल तर तिथे जा. एकच नाटक दहा वेगवेगळ्या प्रेक्षकांसमोर करायला मिळेल असं काहीतरी शोध. एकोणतीस हे वय नाटकासाठी अजिबात जास्त नाही, आणि सेकंड शिफ्टवाल्याला सकाळ मोकळी असते हे आमच्या तालमीवाल्यांना कधी कळणार देव जाणे.

दुकानातल्या त्या शेवटच्या सीनबद्दल लिहा ना. आमच्यात वाद झाला. नवरा म्हणतो तो माणूस चांगलाच होता, परिस्थितीने केलं. मी म्हणते तो भित्रा आणि स्वार्थी. तुमचं मत काय?
— पंचवटी

ज्यांना सिनेमा बघायचाय त्यांनी इथून थेट पुढच्या प्रश्नावर उडी मारा.

आधी न बघितलेल्या पण तरी वाचणाऱ्यांसाठी गोष्ट. साल १९४२. स्लोवाकिया तेव्हा हिटलरच्या कृपेने वेगळा देश झालेला, राष्ट्राध्यक्ष योझेफ तिसो नावाचा पाद्री. ज्यू लोकांचे धंदे काढून घेऊन 'आर्य' माणसांना द्यायचे असा कायदा. तोनो ब्र्तको हा गरीब सुतार, बायको सतत टोचणारी, साडू सरकारी गार्डचा स्थानिक म्होरक्या. हा साडू एक दिवस उपकार करतो, बाजारातलं एका ज्यू म्हातारीचं दुकान याच्या नावावर करून देतो. बायकोला वाटतं सोनं लागलं हाताला. जाऊन बघतो तर दुकानात बटणं, रिबिनी आणि लेस, बाकी काही नाही, म्हातारी कंगाल, ज्यू समाजाच्या वर्गणीवर जगतेय. त्यात ती ठार बहिरी. हा मालक म्हणून कागद घेऊन आलाय हे तिला कळतच नाही, तिला वाटतं मदतनीस आलाय. आणि ज्यू समाजवाले याला म्हणतात, तसंच वाटू दे, आम्ही तुला महिना पगार देतो. दुकान लुटायला आलेला माणूस ज्यांचं लुटायचं त्यांच्याच पगारावर नोकर म्हणून राहतो! अर्धा सिनेमा हा असा फार्ससारखा जातो. तो तिच्या खुर्च्याकपाटं दुरुस्त करून देतो, शनिवारी दुकान उघडायला जातो तर ती चिडते कारण शब्बाथ, ज्यूंचा सुट्टीचा पवित्र दिवस, हा गडबडतो. क्रोनेरचं विनोदाचं सगळं सामान इथे कामाला लागतं. खांदे पाडून उभं राहणं, काय करावं न सुचून टोपीशी खेळणं, बायको बोलायला लागली की नजर दुसरीकडे.

आणि मग चौकात लाउडस्पीकर लागतो. १९४२ च्या मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत स्लोवाकियातून ५८ हजारांच्या आसपास ज्यूंना गाड्यांत घालून पाठवलं गेलं, सिनेमातला तो दिवस त्यातलाच. बाहेर एकेक नाव पुकारलं जातंय, माणसं बोचकी घेऊन उभी आहेत, आणि म्हातारीचं नाव येतच नाही. आता इथे क्रोनेर काय करतो बघा. दारू पितोय. आधी ठरवतो हिला लपवायची. मग मनात येतं, यादीत नाव नसलं तरी ही सापडली तर मला 'ज्यूंचा मित्र' म्हणून धरतील, तिला म्हणतो चल बाहेर, जा तिकडे. ओढतो. मग पायाशी बसून रडतो. परत दाराच्या फटीतून बघतो. तिला काही ऐकूच येत नाही, तिला वाटतं हा प्यायलाय, घरी भांडण झालं असेल. मग तिला कळतं. तिच्या तोंडून एकच शब्द निघतो, पोग्रोम, म्हणजे ज्यूंवरचा सामूहिक हल्ला. शेवटी घाबरून तो तिला लपवायला म्हणून कोठीत ढकलतो, ती पडते, मरते. आणि हा गळफास घेतो.

मला यात सगळ्यात भारी वाटतं ते हे की क्रोनेर एकदाही 'आता मी सिरियस झालोय' असं दाखवत नाही. चाल तीच, टोपी तीच, तोच गोंधळलेला चेहरा जो बघून आपण तासाभरापूर्वी हसत होतो. विनोदी नटाला गंभीर रोल दिला की तो पहिल्यांदा हसणं बंद करतो आणि जड आवाज लावतो, आपल्याकडे तर हमखास. हा ते करतच नाही, त्यामुळे आपण पकडले जातो.

तुमच्या भांडणाबद्दल, नवरा अर्धा बरोबर. तोनो वाईट नाही. पण त्याला वाईट न होताही दुकान चालत होतं, साडूचं जेवण चालत होतं, ज्यूंचा पगार चालत होता, तोपर्यंत त्याने एकदाही कुणाला नाही म्हटलं नाही. तुमचं पारडं मला जड वाटतं. हे नवऱ्याला वाचून दाखवा आणि चहा त्यांना करायला लावा.

म्हातारीचं काम करणारी बाई कोण? आणि तिला ऑस्कर नॉमिनेशन, क्रोनेरला नाही, हे कसं काय? खरं तर सिनेमा त्याचा आहे.
— देवळाली कॅम्प

ती इदा कामिन्स्का. पोलंडची, यिद्दिश म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेतल्या रंगभूमीची महाराणीच म्हणा. जन्म १८९९ चा, आई एस्थर राखेल कामिन्स्का त्याच रंगभूमीवरची त्याहून मोठी नटी, इदा लहानपणापासून स्टेजवर. युद्धानंतर वॉर्साचं ज्यू थिएटर तिने चालवलं. १९६८ ला पोलंडमध्ये ज्यूंविरुद्ध वातावरण तापलं तेव्हा देश सोडावा लागला, १९८० ला न्यूयॉर्कमध्ये गेली.

ऑस्करचं असं झालं की सिनेमाला परदेशी भाषेतल्या सर्वोत्तम चित्रपटाचं ऑस्कर मिळालं एप्रिल १९६६ मध्ये, चेकोस्लोवाकियाचं ते पहिलं. बाकी विभागांसाठी सिनेमा अमेरिकेतल्या थिएटरात लागावा लागतो, तो तिकडे लागला १९६६ ला, म्हणून कामिन्स्काचं नॉमिनेशन पुढच्या वर्षी, १९६७ ला. त्या वर्षी एलिझाबेथ टेलर जिंकली. क्रोनेरला नॉमिनेशन नाही हे मलाही खटकतं. मात्र त्याच्या आधी कान महोत्सवात १९६५ ला ज्युरीने अभिनयासाठी दोघांचा खास उल्लेख केला होता, क्रोनेर आणि कामिन्स्का जोडीने. ते जास्त बरोबर झालं, कारण या सिनेमात एकाला दुसऱ्यापासून सोडवून मार्क देताच येत नाहीत.

तिकडचे नट पगारावर असतात म्हणे? मग नाईट, म्हणजे प्रयोगागणिक पैसे, वगैरे भानगड नाही? आमच्या मेकअपवाल्या काकांना पटत नाहीये.
— बॅकस्टेजवाला, नाशिक रोड

काकांना सांगा, खरंच पगारावर. राष्ट्रीय थिएटरात नटांचा कायमचा संच असतो, महिन्याचा पगार, आणि एका वेळी कितीतरी नाटकं चालू. सोमवारी एक, मंगळवारी दुसरं, बुधवारी तिसरं, परत पहिल्याची पाळी दोन आठवड्यांनी. म्हणजे नटाच्या डोक्यात एका वेळी पाच-सहा भूमिका पाठ, सकाळी नव्या नाटकाची तालीम, संध्याकाळी जुन्याचा प्रयोग. दुपारी टीव्ही नाहीतर रेडिओ. क्रोनेरच्या पिढीतल्या ब्रातिस्लावाच्या सगळ्या मोठ्या नटांचं आयुष्य असंच गेलं, त्यामुळे तिकडे 'नाटकवाला' आणि 'सिनेमावाला' अशी विभागणीच फारशी नाही, तीच माणसं सगळीकडे.

आपल्याकडे एक नाटक घेऊन बस भरायची, पुणे, नाशिक, औरंगाबाद करत हजार प्रयोग मारायचे. त्याने नटाची एक भूमिका घासून लखलखीत होते हे मान्य, पण त्याच नटाला दहा वर्षांत चारच भूमिका मिळतात. दुसरीकडे त्यांच्या पद्धतीत सरकार पगार देतं म्हणून सरकार काय करायचं तेही सांगतं, कम्युनिस्ट काळात तर फारच. काकांना विचारा, पगार आणि वर साहेब चालेल का? मला वाटतं ते नाईटच घेतील.

एवढा ऑस्करवाला सिनेमा केल्यावर माणूस हॉलीवूडला का नाही गेला? की कम्युनिस्टांनी जाऊ दिलं नाही?
— सिन्नर

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नटाचं भांडवल त्याची भाषा. दिग्दर्शक देश बदलू शकतो, गावरान स्लोवाक बोलीवर उभा असलेला चाळिशीतला नट कुठे जाणार? दिग्दर्शकांचं काय झालं ते बघा, ऑगस्ट १९६८ मध्ये रशियन रणगाडे देशात घुसले, कादार अमेरिकेला निघून गेला आणि १९७९ ला तिकडेच वारला. क्लोस मागे राहिला आणि त्याला बरीच वर्षं सिनेमा करू दिला नाही. क्रोनेर मात्र रोज संध्याकाळी थिएटरला जात राहिला.

देशाबाहेर काम केलं ते शेजारी हंगेरीत. तिकडे त्याला चांगली मागणी होती, आवाज डब करायचे. कारोय माक या दिग्दर्शकाच्या १९८२ च्या 'एगीमाश्रा नेझ्वे'मध्ये तो वर्तमानपत्राचा संपादक आहे. हा सिनेमा दोन बायकांच्या प्रेमाचा आणि १९५६ च्या उठावानंतरच्या घुसमटीचा, म्हणजे पोलादी पडद्यामागे दुहेरी धाडस. क्रोनेरचा संपादक सत्य छापायचंय आणि नोकरीही टिकवायचीये अशा पेचातला. आवाज दुसऱ्याचा असूनही त्याचं काम कळतं, यावरून समजा चेहऱ्याने किती करत असेल.

स्लोवाकियात नटांनी सरकार पाडलं असं ऐकलं, त्यात हा होता का?
— पंचवटी कारंजा

ते १९८९ चं प्रकरण, आणि त्यातलं मुख्य नाव दुसऱ्या नटाचं, मिलान क्न्याझ्को. १७ नोव्हेंबरला प्रागमध्ये पोलिसांनी विद्यार्थ्यांना मारलं, त्यानंतर थिएटरं संपावर गेली, प्रयोगाऐवजी स्टेजवरून प्रेक्षकांशी चर्चा सुरू झाल्या. ब्रातिस्लावात 'हिंसाचाराविरुद्ध जनता' नावाची चळवळ उभी राहिली, क्न्याझ्को तिच्या चौकातल्या सभांचा आवाज. पुढे तो परराष्ट्रमंत्री झाला, नंतर सांस्कृतिक मंत्री, २०१४ ला राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहून पडला. त्याच्यावर कधीतरी वेगळं लिहीन, क्रोनेरचा पिंड तो नव्हे.

क्रोनेरला मासेमारीचा नाद होता असं वाचलं. खरं का? गंगापूर धरणावर गळ टाकून बसणाऱ्यांपैकी मी एक, बायको वेड्यात काढते.
— मखमलाबाद

खरंय, आणि साधासुधा नाद नव्हे, त्याने मासेमारीवर पुस्तकं लिहिलीयेत. तिकडे नदीकाठी गळ टाकून बसणं हा रीतसर परवाना काढून करायचा छंद आहे. बायकोला हे उत्तर दाखवा, उपयोग होईलच असं नाही.

आमच्या घरात प्रश्न पडलाय की मराठीत क्रोनेर कोण? मी म्हणते निळूभाऊ, सासरे म्हणतात कुणीच नाही.
— जेलरोड

निळूभाऊ जवळचे, हो. पुण्यात माळीकाम करणारा माणूस, सेवादलाच्या कलापथकातून लोकनाट्यात, तिथून सिनेमात, शिक्षण स्टेजवरच, आणि गावाकडची देहबोली इतकी पक्की की शहरी लोकांना तो नट आहे हेच विसरायला होतं. फरक हा की सिनेमाने निळूभाऊंना वाड्यातला पाटील करून टाकलं आणि तिकडे क्रोनेरला वाड्याच्या दारात टोपी हातात घेऊन उभा असलेला माणूस. सासऱ्यांनाही अर्धे मार्क द्या, ब्र्तकोसारखी भूमिका निळूभाऊंना कुणी लिहून दिलीच नाही.

घरी कुणी नट आहे का आता?
— कॅनडा कॉर्नर

मुलगी, झुझाना क्रोनेरोवा. जन्म १९५२, मार्टिनचाच. आई तेरेझिया हुर्बानोवा नटी, वडील नट, काका नट, सुटका कुठली! पण ही बापाच्या नावावर जगलेली नाही. बोह्दान स्लामाच्या २०१७ च्या 'बाबा झ लेदु'मध्ये साठी ओलांडलेल्या विधवेचं काम केलंय, जी मुलांच्या धाकातून सुटून थंडगार नदीत पोहायला लागते. त्यासाठी तिला चेक लायन पुरस्कार मिळाला, सर्वोत्तम अभिनेत्रीचा. आपल्याकडे साठीच्या बाईला नायिका कोण करतं?

आता त्याचं पुढे काय बघू? एकच सांगा, वेळ नाही.
— टीवायचा विद्यार्थी, सातपूर

एक नाही, दोन सांगते, दुसरा हसायचा आहे. पहिला 'तिसित्स्रोच्ना व्चेला', हजार वर्षांची मधमाशी, युराय याकुबिस्को दिग्दर्शक, १९८३. लिप्तोव भागातल्या हिबे गावच्या गवंड्यांच्या घराण्याची गोष्ट, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून पहिल्या महायुद्धापर्यंत. क्रोनेर घराचा कर्ता, मार्टिन पिखांदा, गवंडीकामासाठी दूरदूर जाणारा आणि मधमाश्यांवर जीव असलेला. हा रंगीत आहे, खूप मोठा आहे, मधेच स्वप्नासारखा होतो, लग्नं, मयतं, राजकारण सगळं येतं. तुझ्याकडे वेळ नाही म्हणतोस तर सलग बघू नकोस, पण क्रोनेरचे सीन सोडू नकोस, दाढीमिशांत लपलेला तोच सुतार एकदम दांडगा दिसतो.

दुसरा 'पाखो, हिब्स्की झ्बोयनीक', मार्टिन त्यापाकचा, १९७५. परत हिबे गाव, कारण दोन्हींच्या मागे लेखक एकच, पेटर यारोश, तो तिथलाच. स्लोवाकांचा यानोशिक म्हणून एक दरोडेखोर आहे, श्रीमंतांना लुटून गरिबांना देणारा, त्याच्यावर पोवाडे, सिनेमे, पुतळे, सगळं झालेलं. हा सिनेमा त्याच सगळ्याची टर उडवतो. क्रोनेर म्हणजे पाखो, पन्नाशीचा, बोलबच्चन, डोंगरात दरोडेखोरांच्या टोळीत जाऊन पडतो आणि बघता बघता त्यांचा पुढारी होतो. आपल्याकडे अशा लोकनायकावर कुणी अशी कॉमेडी केली तर दुसऱ्या दिवशी थिएटरच्या काचा फुटतील. तिकडे शाळेतली पोरं त्यातले डायलॉग मारतात. सबटायटल असलेली कॉपी शोध, नाहीतर अर्धी मजा जाते, कारण सगळा जोर बोलण्यात आहे. आणि 'कुबो' मिळालं तर ते बिनसबटायटलचंही चालेल, त्यात तोंडच पुरेसं आहे.